रक्तातील साय : एका पोटदुखीचा इतिहास

रोगांनाही इतिहास असतो, ही कल्पना आपल्या लोकांत अद्याप फारशी रुजलेली नाही. इतिहास म्हटला की वसईकराच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो, १७३९ सालची चिमाजी अप्पांची मोहीम उभी राहते. आणि त्यात वावगे काही नाही. परंतु १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केल्यापासून मराठ्यांनी ती जिंकेपर्यंत जी दोनशे वर्षे लोटली, त्याच दोनशे वर्षांत युरोपातील काही चिकित्सक माणसे दोन अगदी निराळ्या कोड्यांशी झटत होती. माणसाचे रक्त क्वचित दुधासारखे पांढरे का दिसते, हे एक कोडे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून एक लांबट ग्रंथी आहे, ती कशासाठी, हे दुसरे. ह्या दोन कोड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तो संबंध लक्षात यायला १८६५ साल उजाडले, आणि तो खरा मानला जायला आणखी शंभर वर्षे लागली. ह्या लांबलेल्या भेटीचीच हकिगत येथे सांगावयाची आहे.

आधी त्या ग्रंथीची ओळख करून घेऊ. मराठीत तिला स्वादुपिंड म्हणतात. लांबी सुमारे वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. ग्रीकांनी तिला ‘सगळे मांसच’ अशा अर्थाचे पॅन्क्रियाज हे नाव दिले. चरक-सुश्रुतांनी ‘क्लोम’ नावाचे एक इंद्रिय सांगितले असून तहानेशी त्याचा संबंध जोडला आहे. क्लोम म्हणजेच स्वादुपिंड, असे काही वैद्य मानतात. दुसरे काही ते मानीत नाहीत. मधुमेहात तहान फार लागते हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या पक्षाचे म्हणणे मोहक वाटते खरे, पण मोहक वाटते म्हणून ते स्वीकारावे, असे आम्हांस वाटत नाही. असो.

योहान गेओर्ग विर्सुंग हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ इटलीतील पादुआ येथे काम करीत असे. १६४२ च्या मार्च महिन्यात फाशी गेलेल्या एका माणसाच्या प्रेताचे विच्छेदन करताना त्याला ह्या ग्रंथीच्या पोटातून गेलेली एक नळी दिसली. ही रोहिणी की नीला? तीत रक्त तर कधीच सापडेना. त्याने नळीचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले, त्याचे छाप काढून थोरथोर शरीरशास्त्रज्ञांकडे पाठविले आणि नम्रपणे विचारले की, ही काय असावी? पुढच्याच वर्षी, १६४३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या राहत्या घराच्या दाराशी कोणी तरी त्याला गोळी घालून ठार केले. प्रश्न तसाच राहिला. नळीला मात्र त्याचे नाव चिकटले, ते आजतागायत आहे. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६५२ मध्ये, आम्स्टरडॅमच्या डॉक्टर टुल्पने एका तरुणाची हकिगत छापली. भयंकर पोटदुखीने तो गेला आणि प्रेत उघडल्यावर हीच ग्रंथी सडून पुवाने भरलेली आढळली. रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध चित्रात प्रेताचा हात उकलून दाखविणारा जो डॉक्टर आहे, तोच हा टुल्प.

आता दुसरे कोडे. १६६५ साली मुंबई बेट पोर्तुगीजांच्या वसई प्रांतातून निघून इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले मासिक सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच खंडात शिरांमध्ये रक्ताऐवजी दूध सापडल्याची नोंद आली. वृत्तान्त रॉबर्ट बॉइल ह्या विख्यात शास्त्रज्ञामार्फत आला होता. एका मोलकरणीने सकाळी सातच्या सुमारास भरपेट न्याहारी केली. अकराच्या सुमारास काही दुखण्यासाठी तिच्या पायाची शीर तोडून रक्त काढले. पहिले रक्त एका वाडग्यात धरले, ते थोड्या वेळात पांढरे पडले. शेवटचे बशीत धरले, ते लगेच पांढरे झाले. पाचसहा तासांनी पाहतात तो वाडग्यात अर्धे रक्त आणि त्यावर तरंगणारा दुधासारखा रस. बशीत तर रक्ताचा मागमूसही नाही. ते पांढरे द्रव्य तापवले तेव्हा अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्याप्रमाणे घट्ट झाले. त्या बाईला काय होत होते, पुढे तिचे काय झाले, हे आज आपल्या हाती नाही. न्याहारीची वेळ मात्र बॉइलच्या माहितगाराने जपून लिहून ठेवली, ही त्याची शास्त्रीय दृष्टी! कारण साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथेच होती.

१७७० च्या सुमारास विल्यम ह्यूसनने असे पांढरे रक्तद्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात तेलाचे गोलक पाहिले. १८३० साली एडिनबर्गच्या रॉबर्ट क्रिस्टिसनने ईथरच्या साहाय्याने त्यातून चरबी वेगळी काढून दाखविली. म्हणजे रक्तातील दूध हे दूध नसून स्निग्ध पदार्थ आहे, एवढे नक्की झाले. येथे एक गोष्ट आम्हांस नेहमी मौजेची वाटते. त्या काळचे डॉक्टर ऊठसूट रोग्याच्या शिरा तोडीत. त्या रीतीने माणसे किती दगावली असतील ते असोत, पण डॉक्टरांना रोज वाडगेभर रक्त डोळ्यांनी पाहायला मिळे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चाल मागे पडली, ती योग्यच झाली. तथापि तिच्याबरोबर रक्ताकडे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची सवयही गेली.

ग्रंथीचे काम काय, हे पॅरिसच्या क्लोद बर्नारने उलगडले, आणि तेही सशांच्या कृपेने. सशाच्या शरीरात एक सोय आहे. पित्ताची नळी आतड्यात जेथे उघडते, तेथून बरेच खाली, सुमारे हातभर अंतरावर, स्वादुपिंडाची नळी उघडते. मेदयुक्त अन्न दिलेल्या सशाचे पोट बर्नारने उघडले तेव्हा आतड्यालगतच्या सूक्ष्म रसवाहिन्या पित्ताच्या नळीपाशी पांढऱ्या झालेल्या नव्हत्या. स्वादुपिंडाच्या नळीच्या खालून पुढे मात्र त्या दुधाने भरल्यासारख्या दिसत होत्या. स्वादुपिंडाचा रस मिळाल्यावाचून चरबी अंगात शोषली जात नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. १८५६ साली त्याने हे सारे संशोधन सविस्तर प्रसिद्ध केले. चरबी फोडणारे एक तिखट पाचक विकर ह्या ग्रंथीत तयार होते. त्याला आज लायपेज म्हणतात. अशा ग्रंथीला चरबीपासूनच धोका संभवतो, हे ओळखायला आता एकच पाऊल उरले होते.

ते पाऊल १८६५ साली जर्मनीत स्पेक नावाच्या डॉक्टरने टाकले. दुधाळ रक्त आणि स्वादुपिंडाचा दाह एकाच रोग्यात आढळल्याची पहिली नोंद त्याची. बॉइलच्या मोलकरणीला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती. पण नोंद पडून राहिली. कारण पुढची पन्नास वर्षे ह्या रोगाच्या रंगभूमीवर दुसरी पात्रे वावरत होती. १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झने ५३ रोग्यांच्या हकिगती एकत्र करून तीव्र स्वादुपिंडदाहाचे असे वर्णन केले की, तोपर्यंत केवळ शवागारात कळणारा हा रोग खाटेजवळ ओळखता येऊ लागला. एकाएकी वरच्या पोटात असह्य कळ, उलट्या, गलितगात्र अवस्था! १८९६ मध्ये प्रागच्या हान्स किआरीने सांगितले की ही ग्रंथी आपल्याच पाचक रसाने स्वतःला पचवू लागते. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या युजीन ओपीने नळीच्या तोंडाशी अडकलेला पित्ताचा खडा प्रेतात दाखविला. खडा हातात धरता येतो, शस्त्रवैद्याला तो काढता येतो. मद्याचेही तसेच, ते रोग्याच्या तोंडाला वासावरून कळते. रक्तातली चरबी ह्या दोन ठळक गुन्हेगारांच्या आड झाकली गेली.

विसाव्या शतकात ती पुन्हा पुढे आली ती मुलांमुळे. १९३२ साली ब्युर्गर आणि ग्र्युट्झ ह्या जर्मन डॉक्टरांनी रक्त दुधाळ असलेल्या एका मुलाची हकिगत लिहिली. यकृत-प्लीहा वाढलेली, कातडीवर पिवळसर फोड. अशा घराण्यांतून पोटदुखीचे झटके येतात, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले, आणि १९५० साली पॉल्सेनने हे झटके म्हणजे स्वादुपिंडाचाच दाह, असे स्पष्ट लिहिले. येथून वादाला तोंड फुटले. बीज आधी की वृक्ष आधी, असाच हा वाद. एक पक्ष म्हणे, स्वादुपिंड बिघडले म्हणून रक्तात चरबी साठते. दुसरा म्हणे, चरबी आधी साठते आणि ती स्वादुपिंडाला बिघडवते. पहिला पक्ष मुळीच अडाणी नव्हता. येल विद्यापीठाच्या क्लॅट्स्किन ह्यांनी १९५२ मध्ये आणि पुन्हा आल्ब्रिंक ह्या विदुषींबरोबर १९५७ मध्ये ह्या गुंत्याचा अभ्यास केला, तेव्हा अतोनात मद्यपानानंतर रक्त दुधाळ होते, पोट दुखते आणि थोड्या दिवसांत दोन्ही ओसरतात, असे रोगी त्यांच्यापुढे होते. अशा रोग्यात कोण आधी आले, हे कोणी सांगावे?

वादाचा निकाल लागला तो आडवाटेने. १९४३ साली हान नावाच्या संशोधकाने कुत्र्यांना रक्त गोठू न देणारे हेपारिन टोचले, आणि जेवणानंतर दुधाळ झालेले त्यांचे रक्त पाहता पाहता निवळले. नुसत्या हेपारिनने परीक्षानळीत हे घडत नाही. म्हणजे शरीरातच काही तरी होते, ते हेपारिनने मोकळे केले. १९५५ मध्ये कॉर्नने त्या विकराला नाव दिले, लायपोप्रोटीन लायपेज. केशवाहिन्यांच्या भिंतीला ते चिकटलेले असते आणि रक्तातून जाणारे चरबीचे कण, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फोडून स्नायूंना व मेदपेशींना पुरविते. गिरणीच्या जात्यासारखे त्याचे काम. जाते बंद पडले की दळण साचते. १९६० मध्ये हॅवेल आणि गॉर्डन ह्यांनी एका कुटुंबातील दुधाळ रक्ताच्या भावंडांत हे जातेच जन्मापासून नाही, असे दाखविले. त्या भावंडांच्या बाबतीत तरी आधी काय आणि नंतर काय, ह्याची शंका उरली नाही. १९६७ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील मेदविकारांचे प्रकार पाडले. राहता राहिले ते मद्यपी आणि इतर प्रौढ रोगी. त्यांच्यासाठी बाल्टिमोरच्या कॅमेरॉन आणि मंडळींनी १९७३-७४ मध्ये एक साधी गोष्ट केली. दाह पूर्ण बरा झाल्यावर ह्या रोग्यांना पुन्हा बोलावले आणि चरबी पचविण्याची त्यांची शक्ती तपासली. पोट बरे झाले होते. चरबीचा दोष जागच्या जागी होता. दोष मूळचा, दाह नंतरचा. पहिल्या पक्षाचे म्हणणे मात्र सर्वस्वी खोटे ठरले नाही. कोणत्याही कारणाने स्वादुपिंडाला दाह झाला तरी ट्रायग्लिसराइड थोडेबहुत चढते. म्हणून नुसती वाढ दिसल्याने गुन्हा शाबीत होत नाही. आकडा पाहावा लागतो. उपाशीपोटी दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण ठीक समजतात. दाहाचे कारण म्हणून चरबीकडे बोट दाखवायचे तर प्रमाण साधारणतः १००० च्या वर गेलेले असावे लागते. त्याच्या आसपास रक्तद्रव डोळ्यांना सरळ दुधाळ दिसते.

चरबी इजा कशी करते? हॅवेल ह्यांनी मांडलेली उपपत्ती आजही मुख्यतः मानली जाते. स्वादुपिंडाच्या केशवाहिन्यांतून चरबीने तुडुंब रक्त जात असते, आणि ग्रंथीतले लायपेज थोडे जरी बाहेर झिरपले तरी त्या चरबीचा जागच्या जागी फडशा पाडू लागते. त्यातून सुटी होणारी मेदाम्ले एरवी रक्तातील प्रथिनांना बांधलेली असतात. येथे ती इतकी होतात की बांधायला प्रथिने पुरत नाहीत, आणि ती ग्रंथीच्या पेशींना भाजून काढतात. भाजलेल्या पेशी आणखी लायपेज सांडतात. त्यातच रक्त दाट झालेले, पुढे सरकत नाही. बर्नारने सशात पाहिलेला तोच रस, तीच चरबी. जागा तेवढी चुकली.

ह्या रोगाचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो आता येतो. हा गुन्हेगार पुरावा पुसून टाकतो, आणि तोही तीन परींनी. स्वादुपिंडाचा दाह ओळखण्यासाठी रक्तातील अमायलेज नावाचे विकर मोजण्याची पद्धत १९२९ पासून रूढ झाली. दाह असेल तर ते वाढते. परंतु रक्त अतिशय दुधाळ असेल तर मोजणीच बिघडते आणि आकडा साधा येतो. १९७३ साली फॅलट, व्हेस्टर आणि ग्लूक ह्यांनी हे दाखवून दिले. म्हणजे रोगी कळांनी लोळतो आहे, आणि कागद म्हणतो की स्वादुपिंड ठीक आहे! दुसरी परी मिठाची. रक्तातील सोडियम त्यातल्या पाण्यात असते. चरबीने जागा व्यापली की दर डेसिलिटरमागे पाणीच कमी भरते आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रात सोडियम खोटेच कमी दिसते. हे १९५५ मध्ये आल्ब्रिंक आणि सहकाऱ्यांनी उकलले. न घटलेले मीठ शिरेतून भरण्याची घाई त्यामुळे होऊ शकते. तिसरी परी सर्वांत साळसूद. रोग्याला उलट्या होत असतात, तोंडाने काही जात नाही, डॉक्टरही उपाशी ठेवतात. अन्नातून चरबी येणे थांबले की रक्तातील ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरू लागते. दोनतीन दिवसांनी कोणाला चरबी मोजण्याची आठवण झाली, तर आकडा निम्म्याहून खाली गेलेला. मग ‘कारण सापडले नाही’ असे लिहून रोगी घरी जातो, जेवू लागतो, आणि काही महिन्यांनी तीच कळ पुन्हा येते.

आता आपल्याकडे वळू. कोणी म्हणेल, ही सारी लोणी-मांस खाणाऱ्या देशांची गोष्ट. आम्ही भात-मासळीची माणसे. ह्या समजुतीला पुण्यातूनच उत्तर मिळाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मेदस्वी, असा आपल्यातल्या पुष्कळांचा पिंड आहे; पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही याज्ञिकांना तो आढळला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या एका पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील दोन हजारांवर माणसांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० पैकी २९ ते ३० जणांचे ट्रायग्लिसराइड प्रमाणाबाहेर होते. त्यांतील बहुतेकांना स्वादुपिंडाचे भय नाही, कारण दीडशेपासून हजारापर्यंतची वाट लांब आहे. पण ती वाट झपाट्याने तोडणारी कारणे आपल्या घराघरांत आहेत. हाताबाहेर गेलेला मधुमेह हे पहिले. वर सांगितलेले जाते इन्सुलिनवाचून नीट चालत नाही. मद्य हे दुसरे. गर्भारपणाचे शेवटचे महिने आणि काही औषधे ही आणखी. आणि येथे तुपाला एकट्याला दोष देऊन भागत नाही. यकृत साखरेपासून आणि पिठूळ अन्नापासून स्वतः ट्रायग्लिसराइड बनवते, मद्याने तर ते ह्या कामाला अधिकच जुंपले जाते. तेव्हा ज्याने तूप सोडले, पण रात्री उशिरा विरार गाडीतून उतरून आधी पेला आणि मग भाताचा डोंगर हा क्रम सोडला नाही, त्याच्या रक्तात साय जमणारच. वसईची ताडी सौम्य म्हणून ओळखली जाते. यकृत मात्र प्याला मोजीत नाही, मद्यार्क मोजते.

उपचार त्या मानाने साधे आहेत. तोंड बंद ठेवणे, शिरेतून भरपूर द्रव, काहींना इन्सुलिन, क्वचित रक्तद्रव बदलणे. पुढे आयुष्यभर मेद आणि मद्य ह्यांचा संयम, मधुमेहावर ताबा आणि लागतील ती औषधे. ज्यांच्यात जातेच जन्मतः नाही असे लोक दहा लाखांत एखाददुसरे. त्यांच्यासाठी २०१२ साली युरोपात पहिल्या मान्यताप्राप्त जनुकोपचाराला परवानगी मिळाली, आणि ती स्वादुपिंडाचे झटके टळावेत म्हणूनच. किंमत सुमारे दहा लाख युरो! गिऱ्हाईक मिळेना, २०१७ मध्ये ते औषध बाजारातून गेले. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्यांच्यासाठी निराळे, टोचून घ्यावयाचे एक औषध मान्य झाले. शास्त्र एवढे पुढे गेले असताना पहिल्या दिवसाचे रक्त नुसत्या डोळ्यांनी पाहणे मात्र राहून जाते, हे आम्हांस खटकते.

वसई, नालासोपारा, विरार, कोणत्याही गावच्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या कागदावर कधी कधी ‘लायपेमिक’ असा शेरा असतो आणि पुढे लिहिलेले असते की उपाशीपोटी पुन्हा नमुना द्यावा. वार्षिक तपासणीला आलेल्या धडधाकट माणसाच्या बाबतीत हा शेरा अगदी योग्य आहे. त्याने सकाळी वडा खाल्लेला असतो. पण ज्याच्या वरच्या पोटात कळ उठून पाठीकडे जाते आहे, त्याच्या नळीवर तोच शेरा म्हणजे कबुलीजबाब होय. अशा वेळी घरच्या माणसाने तो शब्द डॉक्टरांच्या दृष्टीस आणावा आणि त्याच नमुन्यात ट्रायग्लिसराइड मोजावयास सांगावे. दुसऱ्या, उपाशी नमुन्याची वाट पाहू नये. रक्तद्रवाची ती नळी शीतपेटीत रात्रभर उभी ठेवली तर सकाळी घरच्या दुधासारखीच साय वर येते. सायीखालचे द्रव स्वच्छ असेल तर ती चरबी जेवणातून आलेली. खालचेही गढूळ असेल तर यकृताने केलेली तीत मिसळलेली आहे.